गैरहजेरीतल्या खुणा

गोष्ट फार पुढची नाही. इतकीच पुढची, की एसटी अजून लालच होती, फक्त तिच्या पोटातलं डिझेल जाऊन बॅटरी आली होती. आणि माणसं अजून लिहीत होती, फक्त त्यांचं लिहिलेलं कुणाला सापडेनासं झालं होतं.

यंत्रं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लिहीत होती. कटाच्या आमटीची कृती शोधावी तर पानांचा पूर लोटायचा, एकेक पान गुळगुळीत, आणि त्यातली एकही आमटी कुणी चाखलेली नसायची. त्या पुरात जी काही मराठी ब्लॉग लिहिणारी माणसं काठ धरून होती, त्यांनी आपलं एक मंडळ केलं होतं. आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा जीव ‘ओंजळ’ नावाच्या एका लहानशा साइटवर होता.

ओंजळीत लिहायचं नसे, वेचायचं असे. कुठे काही वाचलं, आवडलं, की त्या पानावर आपल्या नावाची खूण करायची आणि खुणेला एक चिठ्ठी जोडायची. कुणी काय वेचलं ते बाकीच्यांना दिसे, आणि त्या वाटेने माणसं एकमेकांच्या लिहिण्यापर्यंत पोचत. पहिल्याच पानावर ओंजळीने शब्द दिला होता: इथली प्रत्येक खूण माणसाच्या हातची.

मिरजेची हेमांगी रेठरेकर तिथे जुनी. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीमागे उभा जन्म गेला. लोकांची नावं आणि दुखणी लिहून घेता घेता तिच्या कानात बायकांचं बोलणं साठत गेलं, आणि निवृत्त झाल्यावर ते ओव्या होऊन बाहेर यायला लागलं. तिच्या ब्लॉगचं नाव ‘अर्धी ओवी’. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या तेव्हा एकीने पहिली ओळ टाकायची आणि दुसरीने ती पुरी करायची, अशी रीत. जाती गेली. हेमांगीने रीत ठेवली. सकाळी ती ब्लॉगवर एक ओळ टाकी आणि खाली जागा मोकळी सोडी. नियम दोनच. आपली ओळ आपणच पुरी करायची नाही. आणि आज मी सुरू केली तर उद्या तू.

तिची ओळ पुरी करणारी वेंगुर्ल्याची शरयू शिरोडकर. वाचनालयातून निवृत्त झालेली, स्वतः ब्लॉग न लिहिणारी, पण ओंजळीतली सगळ्यात कसलेली वेचणारी. तिच्या चिठ्ठ्यांना मंडळी वचकून असत. ‘मीठ कमी.’ ‘उन्हात घालून मग वाचा.’ आणि क्वचित, फार क्वचित, ‘परत वाचायचं.’ ही शेवटची चिठ्ठी ज्याला मिळे तो दिवसभर हवेत असे. हेमांगीने एकदा लिहिलं,

*बटण दाबिते बाई, पाणी चढे वर माडी*

तर दूध उतू जायच्या आत खालून चिठ्ठी आली,

*रहाट उगा उभा, त्याची धूळ कोण झाडी.*

दोघी कधी भेटल्या नव्हत्या. आधी फोनवर बोलत. मग शरयूचे कान गेले. शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती, “आता फोन नको गो. तू ओरडतेस आणि मी भलतंच ऐकते. खूण दिसली की समज, मी आहे.”

तेव्हापासून खूण दिसत होती. एकही सकाळ चुकली नव्हती. फक्त हल्ली शरयू स्वतः चिठ्ठीतून पहिली ओळ टाकेनाशी झाली होती. तिची पाळी आली की हेमांगी थोडी थांबे आणि मग आपणच सुरू करी. वय झालं बिचारीचं, असं मनाशी म्हणे.

*

मंडळाच्या केतकी भागवतचा फोन आला तेव्हा हेमांगी मेथी निवडत होती.

“काकू, मंडळ सध्या जिथे वेचून ठेवतं ती जागा महिनाअखेर बंद होतेय. सगळं बिऱ्हाड हलवायचंय. बरेच जण ओंजळीचं नाव घेतायत, पण अर्ध्यांनी ती पाहिलेलीच नाही. तुम्ही परीक्षण लिहा.”

“मी काय परीक्षण करणार? मला ती जागा आवडते.”

“म्हणूनच तुम्ही. बाकीचे उगाच चांगलं लिहितील, तुम्ही घाबरत घाबरत चांगलं लिहाल.” केतकी हसली, मग गंभीर झाली. “नीट तपासून लिहा हं काकू. आमची आयुष्यभर वेचलेली पानं तिथे नेऊन ठेवायची आहेत. आणि अन्वरभाईंचंही तुमच्यावरच आहे. मंडळ आलं तर ओंजळ जगेल. नाहीतर तेही शटर ओढणार आहेत.”

फोन ठेवल्यावर हेमांगीच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. श्रीधर, तिचे यजमान, पेपरामागून म्हणाले, “म्हणजे ती साइट गेली की तुझी वेंगुर्ल्याची सवतही गेली.”

“सवत माझी कशी? तुमच्याशी तर ती कधी अवाक्षर बोलली नाही.”

“म्हणूनच म्हणतो. मी बोलायला लागलो की तू कान दुसरीकडे ठेवतेस. ती दोन शब्द टाकते तर तुझा चहा गार होतो. आता सवत कुणाची कोण ते तूच बघ.”

हेमांगीने मेथीची काडी त्यांच्या पेपरावर फेकली. पण मनात बारीक कळ उठली होती. चांगलं परीक्षण लिहिलं पाहिजे. ओंजळ राहिली पाहिजे. तिथे शरयू राहते.

*

ओंजळ चालवणाऱ्या अन्वर मुजावरचं ऑफिस म्हणजे त्याच्या वडिलांच्या सतारीच्या दुकानाची मागची खोली. बाहेर छताला भोपळे टांगलेले, आत दोन पडदे आणि एक गरगरणारा पंखा. वडील गेले तरी अन्वरने दुकान मोडलं नव्हतं. कुणी सतार जुळवायला आणली की साइट बाजूला ठेवून तो तारा पिळत बसे.

“विचारा ताई, काय विचारायचं ते. परीक्षणाला बसलाय म्हणजे मी आरोपी.”

“तो ठसा म्हणजे काय, ते सांगा आधी. लोक विचारतील.”

अन्वरने खुर्ची पुढे ओढली. “प्रत्येक सभासदाचा एक ठसा बनतो. तुम्ही काय वेचता एवढंच तो बघत नाही. काय सोडून देता ते जास्त बघतो. कुठं बोट थांबलं, कुठली ओळ वर ओढून पुन्हा वाचली, चिठ्ठीत कुठला शब्द खोडून कुठला घातला. अशा पुष्कळ खुणा जमल्या की माणसाच्या आवडीचा उतार कळतो. उतार कळला की नवीन पाणी कुठून वाहणार ते सांगता येतं. मोठ्या कंपन्यांचं यंत्र सगळ्या जगाचा मिळून एक उतार काढतं, म्हणून त्यांचं सगळं सपाट. आमच्याकडं एका माणसाला एक ठसा. लहान, पण त्याचाच.”

“आणि तो करतो काय?”

“एक म्हणजे, तुम्हाला आवडेल ते पुढ्यात आणतो. दुसरं, तुम्ही गैरहजर असाल तर तुमच्या वतीने वेचतो. बाळंतपण असतं, परीक्षा असते, दुखणं असतं. ओंजळ लहान आहे ताई. पाचसहा जण एकदम गप्प झाले की बाकीच्यांना जागा ओस वाटायला लागते. म्हणून ज्याला पाहिजे त्याने जाताना गैरहजेरी लावून जायची. चिठ्ठीसुद्धा ठसाच लिहितो, तुमच्या वळणाने.”

“मग ती खूण माणसाच्या हातची कशी?”

अन्वरने कोपऱ्यातली सतार मांडीवर घेतली आणि हेमांगीला म्हणाला, “ह्या वरच्या पाच-सात तारा वाजवायच्या. खालच्या बारीक तारा दिसतात? त्या तरफा. त्यांना मी हात लावत नाही.” त्याने वरची एक तार छेडली आणि लगेच बोटाने दाबून बंद केली. खोलीत तरीही एक बारीक झंकार रेंगाळत राहिला, कुठून येतोय ते कळू नये असा. “आता हा सूर कुणाचा? तरफ जुळवली माणसानेच ना. ठशाचं तसं आहे. परत आल्यावर तो माणूस खुणा बघतो, नको त्या पुसतो. पण खरं सांगू, पुसत कुणी नाही. म्हणतात, मी हेच वेचलं असतं.”

हेमांगीला ती उपमा फार आवडली. तिने ती परीक्षणासाठी मनात बांधून ठेवली. उठता उठता तिने विचारलं, “पूर्वी गैरहजरांची खूण फिकट दिसायची. ती का बंद केली?”

“तुम्हीच सगळ्यांनी सांगितलंत की. कौल घेतला होता. पुसलेल्या कुंकवासारखी दिसते, बघवत नाही, अशा तक्रारी आल्या. मग सगळ्या खुणा सारख्याच लाल केल्या.”

*

परीक्षण पुरं व्हायला एकच गोष्ट उरली होती. ओंजळीतल्या सगळ्यात चांगल्या वेचणारीला विचारायला हवं होतं, बाई गं, तुला इथं काय सापडतं? आणि मग हेमांगीला वाटलं, फोन नाही म्हणून काय झालं, पाय तर आहेत. इतकी वर्षं एकमेकींच्या ओळी पुऱ्या केल्या, आणि एकमेकींचा चेहरा तेवढा पुरा केला नाही.

पत्र पाठवून विचारणं तिला सुचलंच नाही. ह्या दोघींची विचारायची रीत एकच. तिने सकाळी ब्लॉगवर लिहिलं,

*धरू का गाडी बाई, येऊ का तुझ्या गावा*

चहा गाळेपर्यंत शरयूची लाल खूण उमटली.

*सोलांचं सार निवलं, तुझा पाय दारी यावा.*

हेमांगीने ते वाचलं आणि स्वयंपाकघरातच पदर डोळ्यांना लावला. “बोलावलं हो तिने,” ती श्रीधरना म्हणाली. “सार करून वाट बघतेय.”

“माझ्यापुरतंही सार असेल का?”

“तुम्हाला कुठे बोलावलंय?”

तिने शरयूसाठी भडंगाचा पुडा घेतला, एक इरकली खण घेतला, आणि लाल गाडी धरली. घाट उतरताना बॅटरीची गाडी आवाज न करता वळणं घेत होती आणि हेमांगी मनात ओळी जुळवत होती. पहिली भेट झाली की पहिली ओळ कुणी टाकायची, यावरून भांडण होणार हे तिला ठाऊक होतं. एकदा असंच भांडण झालं होतं. हेमांगीने शरयूच्या ओळीत कृष्णेचा घाट घुसवला होता, तर शरयूने चिठ्ठी टाकली होती: ‘तुझा तो घाट तुझ्याकडेच ठेव. आमच्या पाण्याला पायऱ्या नसतात.’

*

शरयूचं घर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. पायरीवर एक चाळिशीची बाई आमसुलं वाळत घालत बसली होती. तिने मान वर केली.

“कोण व्हया तुमका?”

“शरयूताई. शरयू शिरोडकर. मी मिरजेहून आले.”

बाईचे हात थांबले. तिने हेमांगीकडे, तिच्या हातातल्या पुड्याकडे आणि परत तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही हेमांगी?” तिने हळूच विचारलं. “मी चैताली. मावशीची भाची. मावशेच्या तोंडात सारख्या तुमचाच नाव असायचा.”

“असायचं?”

चैताली उठली. हात पदराला पुसले. “तुमका कोणी सांगूक नाय? मावशी गेली. गणपतीच्या आधी दोन वर्सां झाली.”

हेमांगी म्हणाली, “नाही. तसं नाही. मला परवा तिने बोलावलं. सोलांचं सार निवलं म्हणाली.”

तिने ते अगदी शांतपणे सांगितलं. चैतालीने तिला हाताला धरून आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. भिंतीवर फोटो होता. रुंद कपाळ, मोठा चष्मा, आणि ओठांवर असं काही की आत्ता ‘मीठ कमी’ म्हणेल. हेमांगीने तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं, हार घातलेलं.

गळ्याची गाठ होती. ऑपरेशन साधंच होतं. आठ-दहा दिवसांत येते म्हणाली आणि आली नाही. चैताली सांगत होती, तिची भाषा मधूनच मालवणी, मधूनच पाहुण्यांसाठी सुधारलेली. “आमच्याकडे कोणाक माहीत नव्हता तुमचा ठिकाण. तिचा ता मोबाइलचा सगळा तीच बघायची. हॉस्पिटलात जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, गैरहजेरी लावून जाते, नाहीतर हेमांगी वाट बघत बसेल.”

हेमांगीने डोळे मिटून घेतले.

“आणि पुळणीवर जाऊया म्हणाली. हॉस्पिटलात समुद्र नसता. मी नेलंय तिका. चपला हातात घेऊन पाण्यात उभी ऱ्हवली. मग एक ओळ म्हणाली आणि माका म्हणता, चैत्या, ही ध्यानात ठेव, माझी पाळी खूप दिवस राहिलीय. हेमांगी भेटली तर सांग, ती पुरी करील. मी म्हटलं, मावशे, तूच सांग ना परत येऊन.” चैतालीने ओळ म्हटली, शाळेतली कविता म्हणावी तशी, हात बाजूला ठेवून:

*ओहोटीच्या वाळूत बाई, पावलं माझी ओली*

खाली काहीच नव्हतं. ती ओळ खोलीत तशीच उभी राहिली.

मग चैताली आत गेली आणि वाटीत सार घेऊन आली. निवलेलं नव्हतं, चांगलं कढत होतं. हेमांगीने ते फुंकर न घालता प्यायलं.

*

येताना ती गाडीत खिडकीशी बसली. आता सगळं मागे जाऊन उलगडत होतं. दोन वर्षं शरयूने एकदाही पहिली ओळ टाकली नव्हती. एकदाही नाही. दर खेपेला हेमांगीने सुरुवात करायची आणि खालून झंकार यायचा. आपणहून काही नाही. आणि ती अन्वरच्या खोलीत बसून मनातल्या मनात म्हणाली होती, वा, किती छान उपमा.

मिरजेला उतरल्यावर ती घरी न जाता तशीच अन्वरच्या दुकानात गेली. तो सतारीच्या भोपळ्याला सरस लावत होता. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “शरयूताईंची गैरहजेरी बघा.”

त्याने हात पुसले, पडद्याशी बसला. मग म्हणाला, “चालू आहे.”

“ती नाही आता.”

अन्वरने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. “ताई, अल्लाची शपथ, मला माहीत नव्हतं. बाहेरगावी गेलेला आणि निघून गेलेला, यंत्राला सारखेच दिसतात. दोघंही येत नाहीत.”

“असे आणखी किती आहेत?”

“मला बघायची भीती वाटते. एक वर्ष झालं, मनात येतं आणि मी सतार जुळवायला घेतो.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “सकाळी पहिल्या खुणा येतात त्यातल्या निम्म्या गैरहजरांच्या असतात. लोक खूश असतात. म्हणतात, जागा कशी भरलेली वाटते. काही जण तर त्यांना आवडेल असंच लिहायला लागलेत.”

“मी लिहीत होते,” हेमांगी म्हणाली. “दोन वर्षं.”

अन्वरने पडदा तिच्याकडे वळवला. तिथे एक साधं बटण होतं: गैरहजेरी संपवा. “घरच्यांनी हो म्हटलं तर संपवता येते. एकदा संपवली की ठसा पुसला जातो. नियम मीच केला होता, कुणाची आवड कुणी पळवू नये म्हणून.”

तिने तिथूनच चैतालीला फोन लावला. चैताली म्हणाली, “माका त्यातला काय कळता? मावशेन ता तुमच्यासाठीच लावलेला. तुम्हीच ठरवा.”

हेमांगी बटणाकडे बघत राहिली. बंद केलं की उद्या सकाळी खाली जागा मोकळी. चालू ठेवलं की उद्याही लाल खूण, तीच वळणं, तीच चिठ्ठी. आणि मंडळाला फक्त एवढंच लिहायचं, की जागा चांगली आहे, जिवंत आहे, या. कुणाला काय कळणार होतं? अन्वरचं घर चाललं असतं. तिची सकाळ चालली असती.

“आज नको,” ती म्हणाली. “आधी परीक्षण लिहिते.”

“ताई,” अन्वर दारापर्यंत आला. “खरं ते लिहा. बंद पडली तर पडली. माझ्याकडं सतारी आहेत.”

*

तिने परीक्षण चार दिवस लिहिलं आणि दोन वेळा पुसलं. श्रीधर त्या दिवसांत सवतीचं नाव काढत नव्हते. चहा करून तिच्यापाशी ठेवत आणि गार झाला की मुकाट दुसरा करत.

शेवटी जे झालं त्यात तिने लिहिलं होतं, की ओंजळ वापरायला सोपी आहे, शोधायची सोय चांगली आहे, चिठ्ठ्यांची पद्धत तर दुसरीकडे कुठेच नाही. मग लिहिलं होतं: ‘पण पहिल्या पानावरचा शब्द खरा नाही. इथल्या पुष्कळ खुणा ज्यांच्या नावाच्या आहेत, ती माणसं आता नाहीत. यात कुणाची लबाडी नाही. ती आपल्यासाठी सोय लावून गेली, अन्वरभाईंनी ती मायेने चालवली, आणि फिकट खूण आपल्यालाच बघवली नाही. मला माझ्या मैत्रिणीचं जाणं दोन वर्षं कळलं नाही, कारण ती रोज माझं वाचत होती. मी तिच्यासाठी एक दिवससुद्धा गप्प बसले नाही. ज्या जागेत माणूस गेल्याचं कळत नाही, तिथे तो होता हे तरी कसं कळायचं? मंडळाने इथे यावं. पण आधी फिकट खूण परत आणावी, आणि ज्याची त्याची जागा रिकामी होऊ द्यावी.’

शेवटी तिने शरयूची ओळ लिहिली, तिची राहिलेली पाळी म्हणून. आणि खाली जागा सोडली.

केतकीने वाचून फोन केला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “काकू, मी परीक्षण मागितलं होतं.”

“हेच आहे.”

“बदल काही करत नाही. तसंच लावते.” मग तिने विचारलं, “काकू, ते आमचे नांदेडचे पवारकाका. ते पण रोज खूण करतात माझ्या पानावर. ते आहेत ना?”

“फोन कर,” हेमांगी म्हणाली.

परीक्षण मंडळाच्या पानावर लागलं, आणि हेमांगीने ते ‘अर्धी ओवी’वरही टाकलं. मग ती पडद्यासमोर बसून राहिली. जरा वेळाने खाली लाल खूण उमटली. शरयू शिरोडकर. चिठ्ठी: ‘परत वाचायचं.’ आणि त्याखाली एक ओळ. शरयूच्या ओळीला शरयूचीच जोड. आपली ओळ आपण पुरी करायची नाही, हा नियम ठशाला कुणी सांगितला नव्हता. शरयूने तो कधी मोडला नव्हता, म्हणून तो तिच्या खुणांत कुठे उमटलाही नव्हता.

*घाटाच्या पायरीवर, कुणी ती पुसून नेली.*

ओळ चांगली होती. मात्रा नेमक्या, यमक अलगद. हेमांगीने ती दोनदा वाचली, आणि मग तिला तो घाट दिसला. आमच्या पाण्याला पायऱ्या नसतात, असं म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी घाट. दोन वर्षं त्या ठशाला खायला घालणारी एकटी हेमांगी होती. तिचंच वाचून, तिच्याच शब्दांवर तो हळूहळू कलत गेला होता. जात्याच्या पलीकडच्या बाजूला कुणी बसलं नव्हतं. दोन्ही हात तिचेच होते.

तिने अन्वरला फोन लावला. “संपवा,” ती म्हणाली.

“तुमच्यासमोरच करू का ताई? येता?”

“नको. करा तुम्ही.”

ती बघत राहिली. परीक्षणाखालची खूण आधी फिकट झाली, मग नाव तेवढं राहिलं. तिने मागची पानं उघडून पाहिली. सोलांचं सार गेलं होतं. रहाट मात्र होता. तो खऱ्या हाताने लिहिलेला. श्रीधर येऊन मागे उभे राहिले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सुतक सुरू झालं, दोन वर्षं उशिराने.

त्या आठवड्यात अन्वरने एकेका घरी फोन करून एकेक गैरहजेरी संपवली. ओंजळ बोडकी दिसायला लागली. मंडळातले काही आले, पुष्कळ नाही आले. सकाळच्या खुणा थोड्या असत, उशिरा येत, आणि कुणाची दोन दिवस दिसली नाही की माणसं एकमेकांना फोन करीत. पवारकाका होते. नातवाच्या मुंजीत अडकले होते म्हणाले, आणि केतकी त्यांना विनाकारण रागावली.

‘अर्धी ओवी’वर हेमांगीने पुढे काही टाकलं नाही. शरयूची ओळ सगळ्यांत वर तशीच होती. मंडळींपैकी कुणी तिला हात लावला नाही.

मग एका दुपारी फोन वाजला. चैतालीचा निरोप होता, आवाजातला. मागे कावळ्यांचा आणि लाटांचा गोंगाट.

“हेमांगीमावशी, माका ओवी-बिवी जमणा नाय हां. हसू नका. पण ती ओळ अशी उघडी ऱ्हवलेली बघून जीव ऱ्हवणा नाय. त्या दिवशी पुळणीवर खरा काय झाला ता सांगतंय. ओळ म्हणून झाली तर झाली.” तिने घसा खाकरला.

*भरती आली, हातातल्या चपला पण भिजल्या, मग घाई घाई करत घरी गेली.*

“झाली?” निरोपात चैताली स्वतःलाच विचारत होती. “बघा बाई.”

मात्रा कितीतरी जास्त होत्या. जात्याच्या एका फेऱ्यात ती ओळ मावली नसती. दीड फेरा लागला असता, आणि मधेच दम लागला असता. हेमांगी आधी हसली, चपलांना. पाण्यात उभी राहून ओवी रचणारी, आणि लाट आल्यावर चपला वर धरायला विसरलेली शरयू तिला दिसली, चष्म्यासकट, पहिल्यांदाच हलताना. मग ती रडली, खूप, स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकून.

नंतर तिने डोळे पुसले, ब्लॉग उघडला, आणि शरयूच्या ओळीखाली ती ओळ जशीच्या तशी लिहिली. एकही मात्रा कमी केली नाही. खाली नाव लिहिलं: चैताली, वेंगुर्ला. आणि चैतालीला निरोप ठेवला:

“झाली गं. आता उद्याची पहिली ओळ तुझी.”